चौथीतल्यांनी तिसरीतल्यांना सुचवलेली पुस्तकं (मोठ्यांनी जरा थांबा!)

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी जावळी खोऱ्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत. रुजू झाले तेव्हा पुस्तकांचं कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे यातच दोन आठवडे गेले. उघडलं तर आत कोरी करकरीत पुस्तकं, शिक्के मारलेली, काहींची पानंसुद्धा सुटी झालेली नव्हती. "पोरं फाडतात म्हणून जपून ठेवली" असं उत्तर मिळालं. मग खोलीत दोन सुतळ्या बांधल्या आणि त्यावर पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगली. हात पुरेल इतक्या उंचीवर.

तरी कुणी घेईना. मी रोज एक पुस्तक उचलून "हे फार छान आहे हं" म्हणायचे. मुलं मान डोलवायची आणि खेळायला पळायची. एक दिवस चौथीतला एक वांड मुलगा तिसरीतल्या एकाला म्हणाला, "ह्यात एक म्हातारी हाय, ती लय खोटं बोलती." मधल्या सुट्टीपर्यंत त्या पुस्तकावरून तिघांची झोंबाझोंबी.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाला आतून पाठकोऱ्या कागदाचा खिसा चिकटवला. वाचलं की पुढच्यासाठी चिठ्ठी टाकायची. नियम बहुतेक मुलांनीच केले. पुस्तक अर्धवट सोडलं तरी चालेल, पण कुठे सोडलं ते लिहायचं. शेवट फोडायचा नाही. खाली नाव हवंच, कारण "कुणी सांगितलंय ते कळल्याबिगर कसं घ्यायचं?" माझा नियम एकच: "छान आहे" आणि "बोध मिळतो" हे दोन शब्दप्रयोग बंद.

काही चिठ्ठ्या जशाच्या तशा:

"हे वाचताना खिचडी खाऊ नये. ठसका लागतो. मला लागला."

"पहिली चार पानं नुसता पाऊस. पाचव्या पानावर चोर."

"चित्र बघून वाटतं बारक्यांचं आहे. नाही. घ्या."

"आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली."

"वाचू नका. कुत्रं मरतं."

ही शेवटची चिठ्ठी पडल्यापासून ते पुस्तक सुतळीवर दिसलेलं नाही. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं.

तर तुमच्याकडची मुलं दुसऱ्या मुलांना काय सुचवतात, आणि का, ते त्यांच्याच शब्दांत हवंय. मोठ्यांची यादी नको, ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

चकवा

वा, झकास धागा! 'श्यामची आई', 'गोट्या', 'एक होता कार्व्हर'. ही तीन प्रत्येक घरात हवीतच.

रानजाई

चकवा, ही मुलांनी सुचवली की तुम्ही?

चकवा

मी. मुलगा दीड वर्षाचा आहे. :)

तिरकीट

हसून हसून पुरेवाट. पहिल्याच प्रतिसादात विकेट.

फुरसुंगीकर

आयडीवरून कळलंच असेल. माझा मुलगा पाचवीत. त्याने सोसायटीतल्या दोघांना 'फास्टर फेणे' वाचायला लावलं. कारण साहित्यिक वगैरे काही नाही. बनेश फेणे फुरसुंगीचा आहे, बास! पुस्तकात आपल्या गावाचं नाव छापलेलं बघून त्याने ते पान शाळेत नेऊन दाखवलं होतं. आजवर आमचं गाव त्याने बातमीत पाहिलं ते कचरा डेपोमुळेच.

पण त्याची शिफारस प्रामाणिक आहे. मित्राला सांगताना ऐकलं: "हा मुलगा हाडकुळा आहे, सायकल आहे, आणि काहीतरी होणार असलं की टॉक्क करतो. मधेमधे जुन्या काळातलं आहे, ते पळवायचं." वर स्वतःचं मत: आजच्या फुरसुंगीच्या ट्रॅफिकमध्ये तो फास्टर झालाच नसता.

भा. रा. भागवतांचा जन्म १९१० चा. त्या माणसाने लिहिलेला पोरगा माझ्या मुलाला आपल्या बिल्डिंगमधला वाटतो. मला भागवत आवडतात ते सोडा, मी एकदाही "वाच" म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर वाचलं नसतं.

आजीचा बटवा

"मधेमधे जुन्या काळातलं आहे, ते पळवायचं" हे आवडलं. आमच्या नातवाने (तिसरी) 'गोट्या'बद्दल असाच निकाल दिला. ताम्हनकरांचं पुस्तक मी हौसेने काढलं, मालिकेचं 'बीज अंकुरे अंकुरे'ही गाऊन दाखवलं. पाच-सहा पानांनंतर म्हणाला, "आजी, तूच वाच, मी ऐकतो. ह्यातले शब्द तुझ्या आवाजात कळतात, माझ्या आवाजात कळत नाहीत."

पुढे शेजारच्या मुलीला त्याने सांगितलं, "गोट्या छान आहे, पण आजी असेल तरच."

ही शिफारस म्हणायची का तक्रार, मला कळलेलं नाही.

रानजाई

आजी, ही तर आमच्या खिशात ठेवण्यासारखी चिठ्ठी. उद्या वर्गात वाचते.

मिशिगनची मैना

आमच्याकडे रविवारची मराठी शाळा असते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची. मुलं सात ते दहा वर्षांची. मराठी बोलतात बऱ्यापैकी, वाचताना मात्र घाम फुटतो. त्यांच्या शिफारशींचा निकष तुम्हाला कुणाला सुचायचा नाही. माझ्या मुलीने मैत्रिणीला पुस्तक देताना सांगितलं, "ह्यात जोडाक्षरं कमी आहेत."

गंमत वाटली, मग पोटात तुटलंही. पण या निकषावर माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' आमच्याकडे कायम पहिलं. घरातल्या एकेका माणसावर छोटंसं पुस्तक, चित्रंही त्यांचीच. लेक म्हणते, "ह्यातली आजी फोनवरच्या आजीसारखी आहे." तिच्यासाठी आजी फोनवरच राहते ना.

अवांतर: इंग्रजीत ती जाडजूड पुस्तकांचा फडशा पाडते. त्यामुळे मराठीत 'बाळांची' पुस्तकं वाचणं तिला लाजिरवाणं वाटतं. रानजाई, "बारक्यांचं वाटतं, नाही, घ्या" ही चिठ्ठी आमच्याकडे लागू पडेल.

रानजाई

मैना, त्या चिठ्ठीमागची गोष्ट सांगते. लिहिणारा मुलगा चौथीत, वर्गात सगळ्यात उंच, कबड्डीत पहिला, वाचनात मात्र अडखळायचा. स्टोरीवीवर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरून मी काही गोष्टी छापून आणते. त्यांवर वाचनाची पातळी लिहिलेली असते, एक ते चार. पातळी एकचं पुस्तक हातात दिसलं की बाकीचे हसणार, म्हणून तो घेतच नव्हता. मी पातळीवर कागद चिकटवला. त्याने एकट्याने कोपऱ्यात बसून ते वाचलं आणि ही चिठ्ठी टाकली. कबड्डीच्या कप्तानाने "घ्या" म्हटल्यावर कोण हसणार! त्यानंतर त्याच्यासारखे तिघे-चौघे तीच पुस्तकं उघडपणे नेऊ लागले.

पातळ्या शिक्षकांच्या सोयीसाठी असतात. मुलांच्या डोळ्यांसमोर त्या नसलेल्याच बऱ्या, या मतावर मी आले आहे.

सागवान

पालघर जिल्ह्यात आश्रमशाळेवर आहे. आमची मुलं बहुतेक वारली घरांतली. घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. पुस्तक हातात आलं की मुलं आधी चित्रांतलं घर बघतात. सोफा, गॅलरी, लिफ्ट दिसली की "हे मुंबईवाल्यांचं". ठेवून देतात. झोपडी, कोंबडी, ओहोळ दिसला की दुसऱ्याला कोपराने ढोसतात. त्यांची शिफारस अशी, एका कोपरखळीची. शब्द नाहीत.

आमच्याकडे सगळ्यात जास्त हातात फिरलेलं पुस्तक मुलांनीच केलेलं आहे. पावसाच्या सुरुवातीला खेकडे कसे पकडायचे यावर. पाच जणांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, चित्रं त्यांची, मधोमध स्टेपलरच्या पिना. "नांगी चावली तर काय करायचं" हे पान तर मळून काळं झालंय.

वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट नावाची संस्था आहे, त्यांचा 'गोष्टरंग' असतो. कलाकार शाळेत येऊन गोष्ट सादर करतात. प्रयोग बघितल्यावर मुलं ते पुस्तक शोधत येतात. गोष्ट आधी अंगात, मग डोळ्यांत. वाचायला न येणाऱ्याला पुस्तक कसं सुचवायचं, याचं मला पटलेलं उत्तर हेच.

रानजाई

सागवान, खेकड्यांच्या पुस्तकाचे फोटो मिळतील का? इथे कोयनेच्या अंगाला पोरं खेकड्यांवर जीव टाकतात. देवाणघेवाण करू.

सागवान

पाठवतो. मुलांनी अट घातली आहे: बदल्यात तुमच्याकडचं एक पुस्तक, तेही मुलांनी केलेलं.

तर्कट

धागा गोड आहे, पण जरा वेगळा सूर लावतो, माफ करा. आतापर्यंतचा हिशेब बघा: चोर, विनोद, खेकडे, कमी जोडाक्षरं. उद्या भुतंही येतील. मुलाला गोड आवडतं म्हणून रोज बर्फीच वाढायची का? आम्हाला शाळेत गुरुजींनी दिलेली पुस्तकं तेव्हा आवडली नव्हती, पण आज आठवतात तीच. मुलांच्याच पसंतीवर सोडलं तर साने गुरुजींना कोण हात लावणार? जबाबदारी झटकण्याला लोकशाही म्हणू नये.

तिरकीट

तर्कट, आयडी सार्थ केलात. भुतांबद्दल एवढंच सांगतो की 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' विंदांनी लिहिली आहे. ज्ञानपीठवाले विंदा. आणि भारत सासणेंना २०२४ चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो 'समशेर आणि भूतबंगला'साठी. भूत म्हणजे बर्फी हे समीकरण तपासून बघा.

रानजाई

तर्कट, तुमचं निम्मं पटतं. चिठ्ठ्यांचा तोटा मला दिसतोय. संथ पुस्तकांच्या खिशात वर्षभर काही पडत नाही. ज्यात काही 'घडत' नाही ते मुलांना दुसऱ्याला सांगताच येत नाही. पुरंदऱ्यांचंच 'कंटाळा' घ्या. आवडलं होतं, मी वाचताना चेहरे बघितले होते, पण चिठ्ठी शून्य. शेवटी एकाने लिहिलं, "ह्यात काय आहे ते सांगता येत नाही. रविवारी वाचा."

अशी पुस्तकं मी शाळा सुटायच्या आधी वाचायला घेते आणि घंटा झाली की नेमकं मधेच थांबते. तेवढी लबाडी करते.

पण मुलं फक्त बर्फी मागतात हे पटत नाही. 'तोत्तोचान' आमच्याकडे आहे, चेतना सरदेशमुख-गोसावींनी मराठीत आणलेलं. जाड आहे, चित्रं मोजकी. एका मुलीने ते महिनाभर वाचलं आणि लिहिलं, "हिच्या शाळेत आगगाडीचे डबे आहेत, त्यात वर्ग भरतो. आपल्या शाळेत जुनी एसटी ठेवता येईल का बाईंना विचारा." खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "विचारलं. बाई हसल्या."

कवितांचं वेगळंच. कवितेच्या पुस्तकात एकही चिठ्ठी नव्हती, मला वाटलं वाचतच नाहीत. मग लक्षात आलं की 'एटू लोकांचा देश' तोंडातोंडी फिरतंय. एक मुलगी रांगेत पुटपुटायची, मागचा उचलायचा, हात धुताना तिसरा. कविता चिठ्ठीने सुचवत नाहीत, ती कानातून जाते.

पोटमाळा

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात असतो, बालविभाग माझ्याकडे. चिठ्ठ्या नव्हत्या तेव्हाही मुलं शिफारशी वाचायचीच, फक्त आपल्याला दिसत नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के असलेला कागद असतो ना, ती पोरं आधी तो उघडतात. शिक्के दाटीवाटीने असले तर घेतात. कोरा असला तर परत फळीवर. एकदा एक पठ्ठ्या पाच पुस्तकांचे कागद शेजारी ठेवून तुलना करत होता. आता संगणकावर नोंद होते, शिक्के बंद झाले, आणि मुलं गोंधळली. मी परत शिक्के सुरू केले, विनाकारण. वरिष्ठांना सांगितलेलं नाही.

दुसरी खूण म्हणजे फाटकेपणा. डकवलेलं, कोपरे दुमडलेलं पुस्तक मुलं विश्वासाने नेतात. आम्ही 'बोक्या सातबंडे'ची नवी प्रत आणून जुनी रद्दीत काढली, तर एक मुलगी जुनीच मागत होती. "ती सगळ्यांनी वाचलेली आहे," म्हणाली. प्रभावळकरांना २०११ चा बालसाहित्य पुरस्कार या पुस्तकासाठी मिळाला, त्याची पट्टी नव्या प्रतीशेजारी मी लावली होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

भा. रा. भागवतांचा बिपिन बुकलवार कुणाला आठवतो का? पुस्तकवेड्या मुलावर लिहिलेली पुस्तकं. ती सध्या कुणी मागत नाही. सांगून थकलो.

चकवा

पोटमाळाकाका, मुलगा मोठा होईपर्यंत शिक्के चालू ठेवा.

कॉफीवाला

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, चौथीत. तिच्या वर्गात सगळ्या शिफारशी इंग्रजी पुस्तकांच्या. डायरीछाप, रेघोट्यांची चित्रं असलेली. मी त्रासलो होतो. मग विचारलं, त्यात काय आवडतं? "ती मुलं चुकतात आणि पुस्तक त्यांना रागवत नाही." गप्पच झालो.

मराठीत असं काही शोधताना संगीता बर्वेंची 'पियूची वही' मिळाली. मी काही न बोलता बाथरूमच्या वाटेवर ठेवून दिली. वाचली. पण मैत्रिणीला सुचवली नाही. "तिला मराठी फास्ट येत नाही. मी तिला गोष्ट सांगते." आणि खरंच, बसच्या रांगेत पूर्ण कादंबरी इंग्रजीत सांगून टाकली. हे या धाग्यात बसतं का माहीत नाही.

मिशिगनची मैना

शंभर टक्के बसतं. आमच्याकडे हेच चालतं.

तिरकीट

लहानपणी आम्ही जून महिन्यात थोरल्या भावाचं मराठीचं पाठ्यपुस्तक पळवून सगळे धडे वाचायचो. "सातवा धडा वाच" हीच शिफारस. आणि 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक आता त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. भाचीला दाखवले. तिने तिच्या वयाचे अंक सोडून माझ्या जन्मवर्षाचा काढला, आणि आता मैत्रिणींना सांगत सुटली आहे, "मामा जन्मला तेव्हाचे विनोद बघ, किती वाईट आहेत."

रानजाई

खूप दिवसांनी धागा वर काढतेय. मधल्या काळात भिलारला सहल नेली. आम्हाला जवळच, पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्याला. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांनी घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या आहेत, एकेका घरात एकेका विषयाची पुस्तकं, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. मला वाटलं मुलं हरखून जातील. बालसाहित्याच्या घरी शिरली, इकडेतिकडे बघितलं, तीन-चार पुस्तकांची मलपृष्ठं उघडली, आणि चेहरे पडले.

"बाई, इथं चिठ्ठ्याच न्हाईत. मग कळायचं कसं?"

एवढी पुस्तकं, एकाचाही जामीन नाही! घरच्या मावशी ऐकत होत्या, त्यांनी हसून कागद दिले. बाकी सगळे दारात स्ट्रॉबेरी खात असताना आमच्या चौघी आत बसून वाचत होत्या, का तर वाचल्याशिवाय लिहायचं नाही हा नियम. तीन पुस्तकं वाचून झाली, तीन चिठ्ठ्या पडल्या. राहतील की कुणी झाडताना काढेल, ठाऊक नाही. एकीवर लिहिलंय, "हे घ्या. मी जावळीची आहे. स्ट्रॉबेरी सोडून वाचलं."

आणि हा सगळा धागा मी वर्गात वाचून दाखवला. मुलांची उत्तरं:

फुरसुंगीच्या मुलाला: पळवलेली पानं आम्ही वाचली, त्यातही मज्जा आहे, परत बघ.

आजीच्या नातवाला: तुझी आजी आमच्याकडे एक दिवस पाठव.

मिशिगनच्या मुलीला: जोडाक्षरं तोडून वाचायची, मग जोडायची, आम्ही तसंच करतो.

सागवानसरांच्या मुलांना: विहिरीवर पुस्तक करतोय, चित्रं झाली, लिहायचं राहिलं.

तर्कट काकांना: त्यांना कुत्र्याचं पुस्तक द्या.

तर्कट

शिक्षा मान्य. पण पुस्तकाचं नाव तरी सांगा, मागवतो.

रानजाई

विचारलं मुलांना. नाव सांगायचं नाही म्हणतात, येऊन न्या. वरच्या सुतळीवर, डावीकडून चौथं. सध्या जागा रिकामी आहे, तुमच्या आधी पाच जणांचे नंबर आहेत.